पिवळ्या गाडीविरुद्धचा पुरावा

सोमवार, ४ मार्च

सिद्ध करावयाचे ते असे: सुनेची पिवळी स्पोर्टी हॅचबॅक रोज कामावर जाण्यायेण्यास अयोग्य आहे, सून ती केवळ वेगाच्या हौसेपायी चालवते, आणि गाडी विकली नाही, तर तिच्या किंवा माझ्या — बहुधा दोघांच्याही — जिवावर बेतेल. पुरावा रोजचा रोज येथे लिहीन. पुरेसा जमला की चिरंजीवांपुढे मांडीन.

पहिली नोंद. घर ते माझे विधी महाविद्यालय एकोणीस किलोमीटर. सुनेची कचेरी त्याच्या तीन किलोमीटर पुढे. मी सकाळचे दोन तास तर्कशास्त्र शिकवितो, म्हणून ती मला वाटेत सोडते. गाडी इतकी बुटकी, की आधी बसावे लागते आणि मग पाय आत घ्यावे लागतात. सस्पेन्शन इतके कडक, की रस्त्यातला प्रत्येक खड्डा माझे मणके मोजून घेतो. ॲक्सिलरेटर दाबला की मान मागे चिकटते. वेगमर्यादा सत्तर. काटा चौऱ्याण्णववर! मी स्वतः पाहिला.

“बाबा, हँडल सोडा हो. तुटेल ते.”

“ते तुटले तर चालेल. मी तुटता कामा नये.”

ती हसली. हसताना पाहिले मात्र आरशात. शेजारी सत्तरीचा सासरा जीव मुठीत धरून बसला आहे आणि हिचे लक्ष आरशात!

मंगळवार, ५ मार्च

एकशे एक! अधिक लिहवत नाही.

गुरुवार, ७ मार्च

मोठ्या चौकाला आज सुनेने दोनदा वळसा घातला. पहिल्याच फेरीत बाहेर पडता आले असते. कारण विचारले.

“असंच, बाबा.”

“‘असंच’ हे कारण नव्हे. तो कारणाचा अभाव आहे.”

“मी तुमची विद्यार्थिनी नाही.”

“ते दिसतेच आहे. विद्यार्थ्यांना मी इतका घाबरत नाही.”

यावर नेहमीप्रमाणे टोला येईल असे वाटले होते. तिने आरसा नीट केला.

सोमवार, ११ मार्च

सहा दिवसांत चौथा रस्ता. आजचा गोदामांमधून जाणारा — अरुंद, आणि दोन किलोमीटर लांबचा. ज्याला कामावर पोहोचायचे असते तो जवळची वाट धरतो. लांबची वाट धरणारा मौजेसाठी हिंडतो. हेतू सबळ आहे.

दुसरे निरीक्षण. सिग्नलला ती पुढच्या वाहनामागे गाडीभर जागा मोकळी सोडून थांबते. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव खातात, तरी पुढे सरकत नाही. पहिला गिअर टाकलेला, पाय क्लचवर. हिरवा दिवा लागला की इंजिन गुरगुरते आणि छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखे होते. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत हीच मुलगी स्कूटरवर चाळीसच्या वर जात नसे. साठविलेले सगळे पैसे घालून हे यंत्र घेतले, तेव्हा आम्ही दोघे बापलेक थक्क झालो होतो. विचारले, तर “आवडली” एवढेच उत्तर.

बुधवार, १३ मार्च

वर्गात निष्कर्ष आधारविधानांपेक्षा मोठा असू शकत नाही, हे फळ्यावर मांडत होतो. खडू तीनदा मोडला. “सर, बसून शिकवा ना,” असे एक मुलगी म्हणाली. बसलो! एकोणचाळीस वर्षांत प्रथमच.

शुक्रवार, १५ मार्च

महाविद्यालयाच्या फाटकाशी सुनेने गाडी थांबविली, पण इंजिन चालूच ठेवले.

“बाबा, समजा — नुसतं समजा हं — एखाद्या बाईला असं वाटायला लागलं, की…”

गाडीच्या समर्थनार्थ काही लांबण लावणार, हे मी ताडले. म्हणालो, “‘समजा’ आणि ‘वाटले’ यांच्या पायावर मी काही उभारत नाही. घडले काय ते सांग. पुरावा दे.”

गिअर टाकत ती म्हणाली, “काही नाही. तास चुकेल तुमचा.”

उत्तर चोख होते. तरी दिवसभर तेच का आठवत राहावे, हे कळत नाही.

मंगळवार, १९ मार्च

आज मेलोच होतो!

तांबडा दिवा स्पष्ट दिसत असताना तिने गाडी घातली. डावीकडून बस आली. बसचा आरसा माझ्या काचेपासून वीतभर अंतरावरून गेला. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. पुढच्या गल्लीत तिने गाडी उभी केली. दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

“सॉरी, बाबा. सॉरी.”

“इतकी भीती वाटते, तर वेग कमी कर!”

“कमी केला की जास्त वाटते.”

शब्द न् शब्द उतरवून ठेवला आहे. व्यसनी माणूस याहून वेगळा कबुलीजबाब देत नाही. एवढा पुरावा पुरे.

गुरुवार, २१ मार्च

जेवणाच्या टेबलावर प्रकरण मांडले. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन — अनुमानाचे पाचही अवयव. चौदा दिवस, सहा रस्ते, एक तोडलेला सिग्नल. वही समोर ठेवली होती. उघडावी लागली नाही.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुमच्यापुढे वकील गार होतात. मी कोण?” मग बायकोकडे वळून, “अगं, तुझी हौस होते आणि म्हाताऱ्याचा जीव जातो. बसनं जा की. तुझ्या ऑफिसच्या दारात थांबते.”

“बस नको.”

“का?”

तिने आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. आम्ही दोघेही वाट पाहत होतो — न्यायासनावर बसल्यासारखे. तिने ताटातला घास नुसता या कडेचा त्या कडेला केला.

“काही नाही. विका गाडी.”

वाद जिंकलो. पायरी आहे समजून पाऊल टाकावे आणि खाली काहीच नसावे, तसे झाले.

रविवार, २४ मार्च

गाडी गेली. घेणारा दातांचा डॉक्टर, तिशीचा, बडबड्या.

“काका, इतकी झकास गाडी विकताय? कंटाळा आला?”

“नाही. भीती आली.”

“मग माझ्याकडे या. माझ्या खुर्चीत बसलं की बाकीच्या सगळ्या भीती पळतात!”

हसावे लागले. सुनेने कप्प्यातून आपले सामान काढले — छत्री, विजेरी, एक शिट्टी.

“शिट्टी कशाला गं?”

“असू दे हो, बाबा.”

गाडी वळणाआड जाईपर्यंत ती फाटकात उभी होती. पाहत मात्र होती रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला.

सोमवार, २५ मार्च

सून बसने गेली. महाविद्यालयाचे सत्र संपले. मला आता जूनपर्यंत कुठे जायचे नाही. सकाळी शांतपणे चहा घेतला. आता भीती जायला हवी होती. गेली नाही. कारण नाहीसे झाले आणि कार्य उरले — हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. कुठेतरी पाणी मुरते आहे.

बुधवार, २७ मार्च, सकाळी ९.१०

आत्ता त्या दंतवैद्याचा फोन येऊन गेला. बडबड नव्हती. आवाज खाली.

“काका, राग मानू नका. ही गाडी आधी कोण चालवायचं?”

“माझी सून. का?”

“सोमवारपासून एक मोटारसायकलवाला माझ्या मागं होता. काळं हेल्मेट. मी वळलो की तो वळायचा. मी म्हटलं, योगायोग असेल. काल सिग्नलला शेजारी आला, हेल्मेटची काच वर केली आणि वाकून आत बघितलं. मला बघून म्हणाला, ‘ती कुठंय?’ मी म्हटलं, गाडी मी घेतलीय. तर हसला, काका. आज दिसला नाही तो. म्हटलं, तुम्हाला कळवावं.”

आज दिसला नाही. सून आठ चाळीसच्या बसने गेली आहे.

वही उघडली. पहिल्यापासून वाचली. एकही नोंद खोटी नाही. दोन वळसे, सहा रस्ते, सिग्नलला राखलेली मोकळी जागा, तोडलेला तांबडा दिवा — सगळे खरे. हौस हा शब्द तेवढा माझा.

दोनदा फोन लावला. उचलत नाही.

९.२५

तिसऱ्यांदा उचलला. त्या मोटारसायकलवाल्याचे विचारले. कुजबुजत म्हणाली, “बाबा, तो बसमध्येच आहे. मागच्या दारापाशी.” कधीपासून मागे आहे, विचारले. “गाडी घेतली, त्याच्या आधीपासून.” मी म्हणालो, “ऊठ. चालकाजवळ जाऊन उभी राहा आणि मोठ्याने सांग. मी ऐकतो आहे.” तिने सांगितले. आवाज फुटत होता, पण सांगितले. मग चालकाचा आवाज आला — “ताई, इथंच थांबा, माझ्याजवळ. मधे दार उघडत नाही मी. बस सरळ पोलीस ठाण्यावर घेतो.”

चिरंजीव स्कूटरने निघाले आहेत. पोलिसांना बसचा क्रमांक कळविला आहे. फोन टेबलावर चालूच ठेवला आहे. बसची घरघर ऐकू येते, आणि तिचा श्वास. मला करण्यासारखे एवढेच उरले, म्हणून लिहितो.

चूक एकच झाली, ती मान्य करतो. चौदा दिवस त्या गाडीत दोन माणसे घाबरलेली होती. मी एकच मोजला.

सही —
तिचा सासरा