अर्धा श्वास

गुरुवार संध्याकाळ, टॅम्पिनीस

आज पुन्हा टोचलं मेल्याने. एमआरटी मेट्रोच्या स्टेशनच्या वाटेवरच्या झाडावर त्या कावळ्याचं घरटं आहे, आणि एवढ्या गर्दीत त्याला माझंच टक्कल दिसतं. रक्त आलं. सोडणार नाही त्याला.

लहानपणी बाबांनी छऱ्याची बंदूक शिकवली होती: अर्धा श्वास सोड, थांब, मग हळूच चाप ओढ. इथे परदेशात बंदूक बाळगली तर थेट तुरुंग. म्हणून संध्याकाळी तो समोरच्या कठड्यावर बसल्यावर खिडकीतून छत्रीच रोखली. अर्धा श्वास सोडला.

मागून बायको म्हणाली, "अहो, रविवारी बाबांचं श्राद्ध आहे. घास त्यालाच ठेवायचाय."

ठेवीन. पण छत्रीही रोखीन. त्याच्या रूपात बाबा आलेच, तर नेम कुठे चुकतोय ते तरी सांगतील.