बारीक आवाजाची अक्षरं

प्रिय रूपाली,

लग्न होऊन तू निपाणीला गेलीस त्याला सहा वर्षं झाली, आणि पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितोय. अक्षर गिचमिड आहे, सांभाळून घे.

खासबागेतलं मागाचं काम मी दिवाळीत सोडलं. एकतीस वर्षं केलं. पूर्वी सूत इकडून तिकडं नेणारा धोटा जरा उशिरा सुटला, तरी तेवढ्या खडखडाटात कुठला माग बिघडलाय ते मला बसल्या जागी कळायचं. आता मागून गाडी आली तर डावीकडून की उजवीकडून, समजत नाही. परवा तुझ्या आईनं हाताला धरून बाजूला ओढलं, आणि दुसऱ्याच दिवशी कान तपासायला नेलं.

तिथल्या तपासणाऱ्या मुलीनं नीट समजावलं. कानात आत शंखासारखी नळी असते म्हणे. तिथल्या प्रत्येक नसेला आपापला सूर ठरलेला. बारीक सुराच्या नसा नळीच्या तोंडाशी, जाड सुराच्या खोल आत. मागांच्या आवाजानं माझी तोंडाशीची जागाच निकामी झाली. आवाज दोन कानांत किंचित मागंपुढं पोचतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो, तेही बिघडलंय. ती म्हणाली, "आप्पा, तुम्हाला आवाज येतो, पण स, त, च असली बारीक अक्षरं गळतात."

खरं आहे गं. लई वर्षं मी माणसांच्या तोंडाकडं बघून अंदाजानं 'व्हय' म्हणत आलो. लाजेनं कुणाला बोललो नाही. फोनवर तर तोंडही दिसत नाही. तरी तुझा फोन आला की शब्द कळोत न कळोत, आवाजासाठी कानाला लावून बसायचो. गणपतीनंतर तोही थांबला. वाटलं, संसारात रमली असशील.

काल तुझ्या आईनं तुला फोनवर खोदून विचारलं, तेव्हा सगळं कळलं. गणपतीत तू मला म्हणालीस, "आप्पा, मी कायमची घरी येऊ का?" बाळ, तू दबक्या आवाजात बोललीस, त्यात फोन; माझ्या कानात एवढंच आलं: घरी, ये, का. वाटलं, 'घरी येता का' म्हणून मला बोलावतेस. मी म्हटलं, "आत्ता न्हाय जमायचं, दिवाळीनंतर बघू." आणि तू फोन ठेवलास. चार महिने त्या घरात एकटीनं सोसत काढलेस.

पुन्हा चुकायला नको, म्हणून लिहून कळवतोय. ये. कायमची ये. रविवारी पहिल्या बसनं मी आणि तुझी आई निपाणीला येतोय. कपडे भरून ठेव. तिथं कुणाला काय सांगायचं, ते मी सांगीन.

तुझाच,
आप्पा