झाडून घेतलेली शमी

बाई, तुम्ही जाऊन वीसेक वर्षं होत आली, तरी कुणाशी भांडण झालं की ते मला अजून तुम्हालाच सांगावंसं वाटतं. आज दसरा केला आम्ही. खरा दसरा मंगळवारीच झाला, पण इथं आखातात, सोहारमध्ये, सण शुक्रवारी होतात, कारण त्याच दिवशी कारखान्यांना सुट्टी. आणि दसऱ्याच्या दिवशी मी चार घरांशी वाकडं घेऊन आले. तुम्ही असतात तर आधी म्हणाला असतात, पाणी पी आणि सुरुवातीपासून सांग.

सुरुवातीपासून म्हणजे त्या टेपाडापासून. आमच्या घरापासून गाडीने थोडं गेलं की किनाऱ्याला समांतर वाळूचा लांबलचक उंचवटा लागतो. समुद्र आता बराच पुढे आहे, पण टेपाडावर पायाने उकरलं तरी शिंपले निघतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. तो म्हणाला, "अगं, वाळूच आहे, इथं दुसरं काय असणार?" मला मात्र तुमचा आवाज ऐकू येत होता. शाळेच्या सहलीत नारळाच्या बागांमागच्या तसल्याच टेपाडावर आम्हा मुलींना उन्हात उभं करून तुम्ही सांगताय, पोरींनो, हा समुद्राचा जुना उंबरठा. पाण्यालगत मर्यादवेल, तिच्या मागे रावणाच्या मिशांचं टोचरं गवत, मग निगडी, केवडा, आणि टेपाडाच्या पाठीवर उंडी. पुढचे वाळू धरून ठेवतात म्हणून मागचे उभे राहतात. इथंही तसंच आहे. पाण्यालगत मर्यादवेल इथंही भेटली, तेव्हा माहेरचं माणूस दिसल्यासारखं झालं. मग जाड पानांची खारट झुडपं, ताठ गवताचे झुबके, आणि टेपाडावर घाफ. घाफ म्हणजे आपली शमी, बाई.

आपटा इथं कुठून मिळणार? म्हणून इथल्या आमच्या मराठी मंडळींनी शमी शोधली, नि मी सोहारला यायच्या आधीपासून दसरा तिथंच होतो. त्याचा रिवाज असा. पुरुष आदल्या दिवशी फावडी, दंताळी घेऊन जातात आणि झाडाखालची झुडपं, गवत, काटे सगळं साफ करतात. सकाळी बायका झाडून, सडा घालून रांगोळी काढतात. पूजा झाली की शमीच्या मुळाशी हात घालून प्रत्येक घर मूठभर वाळू घेऊन जातं, आपल्याकडे माती नेतात तशी. कुणाच्या मनात काही वाईट नाही. पण गेल्या वर्षी मी वाकून वाळू घ्यायला गेले तर हाताला वाळू लागलीच नाही, मूळ लागलं. जाडजूड, उघडं, वरची साल वाऱ्याने घासून गेलेलं. झाडाची एक बाजू वाळून गेलेली. आजूबाजूला वाळू धरून ठेवायला एक रोप नाही. तेव्हापासून मला चैन नाही.

तुम्हाला आठवतं का, त्या सहलीत मला एक उंडीचं रोप सापडलं होतं? ते सगळ्यांना नीट दिसावं म्हणून मी भोवतीचं गवत, वेल सगळं उपटून टाकलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. तुम्ही आलात, बघितलंत आणि म्हणालात, "वाऽ, लग्नाला आलीस आणि नवरी तेवढी ठेवून वऱ्हाड हाकलून दिलंस." सगळ्या मुली हसल्या. मग उपटलेलं सगळं तुम्ही मला परत लावायला लावलंत. मी रडत लावत होते, आणि ते काही जगणार नाही हे तुम्हालाही माहीत होतं. नंतर डब्यातलं अर्धं घावन माझ्या हातावर ठेवलंत. "खा. डोळे पुस आधी, खारट लागेल." अजून घावन केलं की मला रागच येतो तुमचा.

यंदा मी आमच्या हॉलमध्येच सगळ्यांना सांगितलं, की या वेळी साफसफाई नको. नवरा म्हणाला, "अगं, झाडासाठीच तर करतो ना." वहिनी, म्हणजे इथं सगळ्यांत आधी आलेल्या, त्यांचा शब्द शेवटचा, त्या शांतपणे म्हणाल्या, "केर न काढता पूजा? देवाला काट्यात बसवायचं?" देवघर न झाडता मी तरी कधी दिवा लावलाय?

म्हणून काल कुणी जायच्या आधी मीच पुरुषांना अडवलं, आणि आज सगळ्यांच्या आधी लेकीला घेऊन पोचले. त्या उघड्या मुळाच्या शमीखाली, वर्षभरात पुन्हा उगवलेल्या झुडपांतच पाट मांडला आणि पैठणी नेसून काट्यात बसले. वहिनी केरसुणी घेऊन आल्या. माझ्याकडे बघितलं. वळल्या आणि पलीकडच्या शमीकडे गेल्या. आजवर जिला कुणी हात लावला नव्हता, तिच्याकडे. मागोमाग सगळी मंडळी गेली. फावड्यांचा आवाज मी बसल्या जागी ऐकत होते. एक वाचवायला बसले आणि दुसरी माझ्यामुळे उघडी पडली. लेक विचारते, "आई, ते सगळे तिकडे का गेला? आपण बॅड आहोत का?" मी म्हटलं, गप, नमस्कार कर.

थोड्या वेळाने नवरा आला. नवा झब्बा घालून माझ्या शेजारी बसला, खाली बघून म्हणाला, "हलू नकोस, पदर अडकलाय," आणि एकेक काटा सोडवत राहिला.

हा कागद आता करंज्यांच्या डब्यात तळाला घालणार आहे, तुपाने अक्षरं जातील ते बरंच. पण खरं सांगते, बाई. पलीकडे ती स्वच्छ झाडलेली जागा, ओला सडा, रांगोळी आणि वर शमीची सावली, फार सुंदर दिसत होती. उठून तिकडे जावं असं मला सारखं वाटत होतं.