तळं आटणारच

४ जानेवारी
यंदाचा संकल्प: कोणाशी भांडायचं नाही, संशोधनाचा पेपर छापून आणायचा.
आज गाळाची नळी उभी चिरली. तळ्याच्या तळात ठोकून काढलेली, माझ्यापेक्षा उंच. गाळ थरावर थर बसत जातो, सर्वांत वरचा तो सर्वांत नवा. थर वाचले की कुठल्या काळी पाणी किती होतं ते कळतं. एका टोकाला लोण्यासारखा काळा चिखल, म्हणजे खोल पाणी. दुसऱ्या टोकाला वाळू आणि शिंपल्यांचा चुरा, म्हणजे उथळ पाणी. वाळू वर आहे. म्हणजे तळं हजारो वर्षं आटत आलंय! आजवर कोणाला सापडलं नव्हतं. सापडणार कसं? खुर्चीतून उठायला नको.

९ जानेवारी
शेजारच्या टेबलावर परागवाली बसते. जुन्या गाळातले परागकण मोजणं हे तिचं काम. तिने विचारलं, सर, आज तळ्यात उतरलं तर पाय चिखलात रुततात, मग वरच्या टोकाला वाळू कशी? म्हटलं, नळी उपसताना वरचा चिखल वाहून गेला. मग विचारते, नळीवर 'वर' असं कोणी लिहिलं? मी लिहिलं, स्वतःच्या हाताने, होडीत बसून.
त्या दिवशी वारा सुटला होता, होडी डुलत होती आणि मला मळमळत होतं. हे तिला सांगायची काही गरज नव्हती.

२० जानेवारी
दादाकडे गेलो. माझा थोरला भाऊ. तळ्याकाठी घर, फिरायला येणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या होड्या. गाळ काढायला होडी त्याचीच नेली होती. जेवताना सगळं समजावलं. वहिनी म्हणाली, भावजी, आटतंय म्हणता, पण धक्क्याची खालची पायरी पाण्यात गेली आमची. लाँग टर्म ट्रेंड म्हणजे काय हे वहिनीला कोण सांगणार! दादा म्हणाला, तो शिकलाय, त्याला कळतं. बरं वाटलं. घरात एक तरी माणूस शास्त्रीय वृत्तीचा.

११ फेब्रुवारी
पेपर पाठवला. नंतर सेमिनार. अर्धी खोली रिकामी, उरलेल्यांपैकी अर्धे मोबाईलमध्ये. आमच्या संस्थेचे डायरेक्टर मध्येच उठून गेले. त्यांच्याशी भांडलो. संकल्प मोडला, पण सुरुवात त्यांनी केली.

२ मार्च
दादाचा फोन. होड्यांना गिऱ्हाईक आलंय, विकू का? नक्की आटणार ना? म्हटलं, दादा, डोळे झाकून विक. मागून वहिनीचा आवाज येत होता. दादाने फोन ठेवला.

१८ मार्च
गाळाचं वय काढणाऱ्या लॅबचा रिपोर्ट आला. वाळू पाच हजार वर्षांची, काळा चिखल अगदी अलीकडचा. सगळं उलटं! एवढी नावाजलेली लॅब, आणि नमुन्यांच्या पिशव्यांची अदलाबदल करतात. खरमरीत मेल पाठवला. परागवालीला रिपोर्ट दाखवला. हल्ली ती माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशी बघते.

२६ मार्च
लॅबने फेरतपासणी केली. तेच उत्तर. हट्टीपणाला औषध नाही. मात्र एक झकास कल्पना सुचली: भूकंपाने गाळाची उलथापालथ झाली असेल. म्हणजे भूकंपावर वेगळा पेपर. एका नळीत दोन पेपर!
होड्या गेल्या. दादाने आनंदाने कळवलं.

९ एप्रिल
नळीच्या खालच्या टोकाला, सर्वांत जुन्या थरात, परागवालीला निळा नायलॉनचा धागा सापडला. चिमट्यात धरून माझ्या नाकासमोर आणला. म्हणे, सर, त्या काळी नायलॉन? म्हटलं, कोणाच्या तरी स्वेटरचा असेल. लॅबमध्ये स्वच्छतेच्या नावाने बोंब आहे.
दिवसभर सगळ्यांचे स्वेटर बघत फिरलो. निळा एकही नाही.

२२ एप्रिल
मीटिंग. परागवालीने सर्वांसमोर सांगितलं की 'वर' हा शब्द चुकीच्या टोकाला लिहिला गेलाय. नळी उलटी केली की तारखा, धागा, चिखल, सगळं जुळतं. तळं आटत नाहीये, भरत आलंय. 'लिहिला गेलाय' म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं.
डायरेक्टर हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. पेपर मागे घ्या, एवढंच म्हणाले.

२३ एप्रिल
अंगात कसकस. रजा.

५ मे
पेपर मागे घेतला. तूर्तास. नवीन नळ्या काढायचं काम परागवालीकडे. मला सल्लागार केलंय. सल्ला अजून कोणी मागितलेला नाही. भूकंपाचं मात्र डोक्यातून जात नाही.

१२ मे
उद्या दादाला सांगायचं. स्पष्ट. वाक्य पाठ केलंय: दादा, माझ्याकडून चूक झाली. आरशासमोर म्हणून पाहिलं. 'माझ्याकडून' जरा जास्त वाटतं. 'चूक झाली' पुरे.

१३ मे
ऐन उन्हाळ्यातही तळं काठोकाठ. पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलंय. होड्यांना नवा रंग, माणसांची रांग. त्याच होड्यांची तिकिटं दादा फाडतो, नव्या मालकाकडे नोकरीला आहे. वहिनीने चहा समोर ठेवला आणि आत गेली. भावजी म्हणाली नाही.
धक्क्यावर गेलो. नवा मालक दादाला सगळ्यांदेखत विचारत होता, काय हो, आटलं का तळं? रोज विचारत असावा. दादा शांतपणे म्हणाला, माझ्या भावाने तळाचा गाळ तपासलाय, बघाल तुम्ही. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, बरं झालं आलास. अरे, कधी उतरेल रे पाणी? साधारण?
वाक्य पाठ होतं. तोंडही उघडलं.
साधारण दोन-तीन वर्षं, मी म्हणालो.
दादाचा चेहरा एकदम खुलला. वळून त्याने मालकाला धक्क्याच्या या टोकावरून ओरडून सांगितलं, दोन-तीन वर्षं!
रांगेतले सगळे हसले. मीही हसलो.