दादाचा उजवा पाय

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी खुर्चीवर बस आणि मग वाच. मी सायकलनं फिरायला जाणार आहे! दोन दिवस, एकेचाळीस किलोमीटर!

राज्याच्या त्या मोठ्या वन-उद्यानातून पूर्वी रेल्वे जायची ना, तिचे रूळ उखडून तिथे गुळगुळीत डांबरी वाट केली आहे. मोटार नाही, ट्रक नाही, हॉर्न नाही. फाटकाशी आडवा दांडा, त्याच्या आत फक्त सायकली आणि चालणारे. चढ इतका हलका की आगगाडीला झेपत होता, मग मला का झेपू नये? दोन पूल, एक बोगदा, एक तळं, आणि बाविसाव्या किलोमीटरला मुक्कामाला विश्रामगृह. माहितीपत्रक वाचनालयात आलं तेव्हा मी एका जुन्या शब्दकोशाला पुठ्ठा चढवत होते. वाचता वाचता खळ ब्रशवरच वाळली. मग ते पत्रक इतक्यांदा उलगडलं की घडीवर फाटलं, तेव्हा त्यालाही मागून कापडी पट्टी लावली. ग्रंथपालबाई म्हणाल्या की फुकट वाटायच्या कागदाची बांधणी करणारी मी पहिलीच.

तुला ठाऊक आहे, हे गेल्यापासून दोन वर्षं मी घर आणि वाचनालय सोडून कुठे गेलेली नाही. जायचं ठरवते, चपला घालते, कडीला हात लावते आणि परत येऊन चहा टाकते. एकटीनं मला जमणार नाही, हे आधीच सांगते. पण तू असलास तर जाईन. मला सायकल तूच शिकवलीस, तुझ्याइतका पक्का सायकलवाला आपल्या घरात दुसरा नव्हता. म्हणून तुला न विचारताच एप्रिलच्या दुसऱ्या शनिवार-रविवारच्या दोन सायकली राखून ठेवल्या आहेत. तू नाही म्हणालास तर मीही जाणार नाही.

वहिनींना नमस्कार. होकार उलट टपाली पाठव, नाहीतर माझा जीव टांगलेला राहील.

तुझी,
चिमी


१० मार्च

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बसूनच वाचलं. तीस वर्षं शहर बस चालवतो आहे, माझं सगळं आयुष्य बसूनच गेलं.

बेत छान आहे. फक्त काही शंका आहेत. रूळ काढल्यावर खडी नीट दाबली आहे का? बोगद्यात दिवे आहेत का? भाड्याच्या सायकलींचे ब्रेक कोण तपासतं? नव्वद किलोच्या माणसाला पेलेल अशी सायकल त्यांच्याकडे आहे का, की मी तिला पेलायचं? आणि ज्या रस्त्यावर रहदारीच नाही तिथे चालवण्यात मजा काय? ओरडायचं कुणावर?

पण तुझ्या पत्रात उद्गारचिन्हं होती. तुझी वहिनी म्हणाली, पूर्वी ओळीला एक असायचं, दोन वर्षांत एकही दिसलं नव्हतं. तेव्हा येतो. सायकलीचं काय, ते अंगात मुरलेलं असतं, विसरत नाही म्हणतात.

तब्येतीला जप आणि दादावर भरवसा असू दे, थोडा बेतानं.

तुझा,
दादा


२६ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र वाचून फाडून टाका. फाटलेलं जोडणं हा तुमचा धंदा आहे, तरी फाडा. तुमच्या दादांनी मला शपथ घातली आहे की कुणाला सांगायचं नाही. मी सांगत नाही, लिहिते आहे.

त्यांना सायकल येत नाही. विसरले असं नव्हे, कधी आलीच नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि मला हे गेल्या पंधरवड्यात कळलं. रोज पाळी संपली की डेपोच्या मागच्या मोकळ्या जागेत शिकवणी चालते. दोन कंडक्टर दोन्ही बाजूंनी धरतात, तिसरा घंटी वाजवतो. दोन वाजल्या की हे निघतात, एक वाजली की थांबतात, त्याशिवाय त्यांना सुधरतच नाही म्हणे. नसलेल्या आरशात बघतात. चिटपाखरू नसताना हात दाखवून वळतात.

तोल आता जमत आला आहे. अडचण आहे ती उजव्या पायाची. तीस वर्षांची सवय, घाबरले की उजवा पाय दाबायचा, बस थांबते. सायकलवरही घाबरले की उजवा पाय दाबतात, सायकल पळते, मग आणखी घाबरतात आणि आणखी दाबतात. परवा तसेच बस धुवायच्या फवाऱ्यात शिरले आणि दुसऱ्या बाजूनं स्वच्छ होऊन बाहेर आले.

पण काय सांगू, गुडघे सोलून घरी येतात ते शीळ घालत. कितीतरी वर्षांनी त्यांना असं पाहते आहे. म्हणून बेत मोडू नका. फक्त सावकाश जाऊ या, असं आपलं वरवर सुचवा.

तुमची माया माझ्यावर आहे, ती या पत्रामुळे अडचणीत आणू नका.

आपली,
वहिनी


२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. मीही बऱ्याच वर्षांत सायकल चालवलेली नाही, तेव्हा आपण अगदी हळू जाऊ. दिसेल त्या बाकावर थांबू, वाटलं तर सायकल हातात धरून चालू. आणि समजा, कुणाला काही कारणानं यायला जमत नसेल, तर मला मुळीच राग येणार नाही. बेत पुढच्या वर्षावर टाकू. कुणाला म्हणजे अमक्यालाच असं नाही.

अगदी सहज लिहिणारी,
चिमी


६ एप्रिल

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

म्हणजे वहिनीनं कळवलं तर. सायकलीच्या बाबतीत हळू हा शब्द तू जन्मात वापरलेला नाहीस.

खरं ते लिहून टाकतो. घरात सायकल एकच होती, बाबांची. मी थोरला, म्हणून आधी मला मिळाली. पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी आपटलो, पोरं हसली, मी पुन्हा बसलो नाही. नंतर तुला शिकवायची वेळ आली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, कारण शिकवणाऱ्याला नुसतं मागून पळावं लागतं. तू पंधरा दिवसांत चालवायला लागलीस. तेव्हापासून सगळ्यांनी धरून चाललं की मला येतच असणार, आणि मीही कुणाला दुरुस्त केलं नाही. तू चाळीस वर्षं माझी बढाई मारत आलीस. मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

पण पुढच्या वर्षाचं नाव काढू नकोस. तुझं पुढचं वर्ष मी ओळखतो, ते चपला काढून चहा टाकतं. काल डेपोला सात फेऱ्या मारल्या, न पडता! आठवी मारत होतो तर कंडक्टरच दमले. शनिवारी फाटकाशी भेटू.

या खोटारड्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
दादा


विश्रामगृह, १२ एप्रिल

सौ. बाईसाहेबांस,

डाव्या हातानं लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस. उजवं मनगट मुरगळलं आहे, मोडलेलं नाही, इथल्या वनरक्षकानं पट्टी बांधली आहे. पण आधी हे वाच: मी एकवीस किलोमीटर सायकल चालवली! दोन्ही पूल ओलांडले! एक हरीण आडवं आलं, त्याला मी हात दाखवून आधी जाऊ दिलं. चिमी हसून हसून पडायची बाकी होती.

मग बोगदा आला. आत घंटीचा आवाज घुमतो, म्हणून चिमीनं आनंदानं वाजवली, एकामागून एक दोनदा. दोन घंट्या म्हणजे निघा. उजव्या पायानं मला विचारलंसुद्धा नाही. अंधारातून सुसाट बाहेर आलो, उन्हानं डोळे दिपले, घाबरलो, आणि घाबरल्यावर मी काय करतो ते तू जाणतेसच. गवतात गेलो. चिमी किंचाळत आली, मग आम्ही दोघं तिथेच बसून बराच वेळ हसत होतो.

आता हसू गेलं आहे. उद्या वनरक्षक मला बॅटरीच्या गाडीतून शेवटच्या फाटकाशी सोडणार. चिमीला म्हटलं, उरलेले एकोणीस किलोमीटर तू जा, मी फाटकाशी उभा राहतो, कितीही उशीर होवो. ती नाहीच म्हणते. तिची सायकलही गाडीवर चढवायची, असं वनरक्षकाला सांगून आली. धड जेवली नाही. ती इतकी वर्षं माझ्या भरवशावर राहिली आणि आज मीच तिचा बेत गवतात घातला, याचं मला फार वाईट वाटतं. उद्यापासून आठवडाभर तिच्याकडेच राहून येईन.

काळजी नसावी, लोभ मात्र दोन्ही हातांनी असावा.

तुमचा,
एकहाती चालक


२७ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मनगट कसं आहे? स्टिअरिंग हाती देईपर्यंत तुला चौकशीच्या खिडकीत बसवलं असं वहिनी लिहितात. तिथे तरी लोकांवर ओरडायला मिळत असेल.

फाटकाशी तू विचारलंस कसं झालं, आणि मी म्हटलं छान. मग आठ दिवस तू इथे होतास, रोज तोच प्रश्न आणि रोज तेच छान. तोंडानं सांगायला गेले असते तर रडले असते, म्हणून आता लिहिते.

त्या सकाळी तू गाडीत पुढे बसलास. वनरक्षकानं माझी सायकल उचलली आणि मी म्हटलं, राहू द्या. तू माझी वाट बघत उभा राहणार म्हणाला होतास, आणि मी तुझ्याच शेजारी बसून तिथे पोचणार, हे काही पटेना. पहिले तीन किलोमीटर फक्त दगडांवरचे आकडे बघितले. प्रत्येक दगडाशी परत फिरायचं ठरवलं. तळ्याच्या काठानं कुणीच नव्हतं, तेव्हा यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागले. एरवी मनात बोलते आणि एकच विचारते, का गेलात. त्या दिवशी मात्र त्यांना बगळे दाखवत होते, वारा किती सुटलाय ते सांगत होते.

बत्तिसाव्या दगडाशी लक्षात आलं की मी बराच वेळ गप्प आहे, उतार लागला आहे, आणि मला हसू येतं आहे. तिथून पुढे मला कुणाचीच आठवण झाली नाही दादा. यांची नाही, तुझीही नाही. नुसती मी होते आणि वाट होती. इतका आनंद मला किती वर्षांत झाला नव्हता! आणि फाटकाशी तू दुखरा हात हलवत उभा दिसलास, तेव्हा त्या आनंदाची मला लाज वाटली, म्हणून छान म्हणून मोकळी झाले. आता वाटत नाही.

काल उद्यानाच्या कचेरीला चिठ्ठी पाठवली. मेच्या दुसऱ्या शनिवारी सायकल राखून ठेवायला सांगितली आहे. एकच.

तुझा लोभ आहेच. या खेपेस तो घरी बसून करावास, ही विनंती.

तुझी,
चिमी