मैथिलीचं शिफारसपत्र

ती. सहदेवदादास नमस्कार,

मंगळवारी सकाळी देवपूजा उरकली आणि लगेच माझ्या विद्यार्थिनीशी, मैथिलीशी, फोनवर खोटं बोललो, “शिफारसपत्र पाठवलंय.” ज्या फेलोशिपवर मी नॉर्वेला गेलेलो, त्याच फेलोशिपसाठी तिने अर्ज केलाय.

गावात तू मला मोठा प्रोफेसर म्हणतोस. परतून अकरा वर्षं झाली, तरी ठाण्याच्या कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय संबंध तासिका तत्त्वावरच शिकवतो. मैथिलीचं असं होऊ नये म्हणून पत्र पाठवलं नाही, अशी मनाची समजूत घातली.

काल ती हसून म्हणाली, “सर, पोर्टलवर पत्र दिसत नाहीये. जळता की काय माझ्यावर?”

जळतच होतो, दादा.

हे पत्र तुला पाठवायचं धाडस नाही, ते वहीतच राहील. तिला मात्र माझ्या नोकरीचं खरं सांगितलं, आणि आज मुदतीच्या आत शिफारसपत्र पाठवून दिलं.

तुझा धाकटा,
संदेश