देवापुढचे पाकीट

मळमड्डी, धारवाड
शुक्रवार, ता. ११ जुलै १९८६

चि. सौ. सुलभा,

धारवाडहून तुला आईचा आशीर्वाद. आम्ही दोघे बरे आहोत. नळाला चार दिवसांआड पाणी येते, तेवढे सोडले तर तक्रार नाही.

हे पत्र लिहायला मला साठ रुपयांनी भाग पाडले. सोमवारी सकाळी तुझे सासरे, आपले अण्णा, माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि चष्म्याची काडी मोडली आहे, साठ रुपये लागतील, असे म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता, दोन्ही काड्यांसकट. मी नुसते पाहिले. त्यांनी हळूच चष्मा काढून खिशात घातला आणि मग खरे काय ते सांगितले.

पैसे तुला हवे होते. तुझ्या बहिणीच्या, सुमनच्या, टायपिंगच्या परीक्षेची फी भरायची होती. तू अण्णांकडे मागितलेस आणि अण्णांनी माझ्याकडे. महिना बाराशे रुपये मिळवणारी शिक्षिका आणि महिना सातशे पेन्शन घेणारा माणूस, ह्या दोघांना मिळून साठ रुपयांसाठी खोटे बोलावे लागले. तेही धड जमले नाही.

फी मी मंगळवारीच सुमनच्या नावे मनिऑर्डरने पाठवली. ते कर्ज नव्हे. तो विषय संपला.

एवढेच असते तर ‘मला का विचारले नाहीस’ अशा रागाच्या दोन ओळी कार्डावर लिहून मी मोकळी झाले असते. पण अण्णांनी दुसरीही गोष्ट सांगितली. तू राजीनामा लिहून ठेवला आहेस आणि येत्या सोमवारी, चौदा तारखेला, तो हेडमास्तरांच्या हाती देणार आहेस. तू त्यांना म्हणालीस म्हणे, “अण्णा, मिळवूनही मागायचं आणि न मिळवताही मागायचं. मग निदान पायांना तरी विश्रांती मिळू दे.”

म्हणून हे लिहिते आहे, आणि अण्णा ते उद्याच्या बसने हुबळीला तुझ्या हातात आणून देतील. समोर बसवून बोलले असते तर तू ‘हो आई’ म्हणाली असतीस आणि सोमवारी जाऊन राजीनामा दिला असतास. मी सव्वीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकवले. ‘हो बाई’चे किती अर्थ होतात ते मला ठाऊक आहे.

आता मुद्द्याचे. लग्नानंतर तुझा पहिला पगार झाला तेव्हा मीच तुला सांगितले होते, की आपल्या घरी पगाराचे पाकीट आधी देवापुढे ठेवतात, हळदकुंकू वाहतात, नमस्कार करतात आणि मग उचलतात. माझ्या सासूबाईंनी मला तसेच सांगितले होते. पाकीट उचलायचे कुणी, हे मात्र मी तुला सांगितले नाही. सांगायला हवे असे वाटलेच नाही. तुमच्या घरी त्या दिवशी प्रभंजनने दोन्ही पाकिटे उचलली, कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली स्कूटरच्या किल्लीबरोबर अडकवली. तेव्हापासून तीन वर्षे ती किल्ली रोज सकाळी त्याच्याबरोबर ऑफिसात जाते. बसचा पास, चपला, शाळेतल्या बाईंच्या बारशाचा आहेर, सगळ्यासाठी तू संध्याकाळची वाट पाहतेस. तो नाही म्हणत नाही. तो ‘कशाला?’ म्हणतो.

मी हे कधी पाहिले नाही असे म्हणणार नाही. पाहिले. त्यात मला काही वावगे दिसले नाही.

बुधवारी मी त्याला ऑफिसातून परस्पर इकडे बोलावले. त्या दिवशी तो उशिरा आला तो त्यामुळे. आधी जेवू घातले, मग विचारले की सुलभाचा पगार जातो कुठे.

“घरातच की. विद्यानगरच्या जागेचे हप्ते आहेत, स्कूटरचं कर्ज आहे. मी काय उधळतोय का?”

“जागा कुणाच्या नावावर?”

“माझ्या.”

“हप्ता कुणाच्या पगारातून?”

“दोघांच्या,” असे म्हणून तो ताटात रेघा ओढत बसला. पण तो माझा मुलगा आहे, फार वेळ गप्प बसत नाही. हात धुऊन आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, “आई, मी वेगळं काय करतोय? आपल्या घरात दोन पगार येत होते आणि किल्ली एकाच कमरेला होती. तुझ्या. अण्णांनी कधी तक्रार केली?”

मी अण्णांकडे पाहिले. मला वाटले, ते माझी बाजू घेतील. ते कोथिंबीर निवडत होते. मान वर न करता म्हणाले, “नाही केली.”

एवढेच म्हणाले.

इथपर्यंत लिहून सकाळी मी पत्र बाजूला ठेवले होते. पुढचे न लिहिता तुला उपदेश करता आला असता. पण अर्धी गोष्ट सांगून दुसऱ्याकडून पूर्ण प्रामाणिकपणा मागणे मला जमत नाही, म्हणून आता लिहिते.

मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले. त्या काळी आमच्या घराण्यात मी पहिलीच. सासूबाई गेल्या तेव्हा कमरेची किल्ली माझ्याकडे आली आणि कुणालाच त्यात आश्चर्य वाटले नाही. पहिल्या तारखेला अण्णा कचेरीतून आले की पाकीट देवापुढे ठेवत, मी माझे त्याच्या शेजारी ठेवत असे, आणि दोन्ही मी उचलत असे. त्यांना हुबळीच्या बसचा पास काढून देत असे आणि दुपारच्या चहाफराळाला रोज आठ आणे. मी संसार वाईट केला नाही, सुलभा. हे घर त्याच पैशांतून उभे राहिले, कुणाचे एका पैशाचेही देणे राहिले नाही, प्रभंजन शिकला. त्याबद्दल मला खंत नाही आणि तू तसे समजू नकोस.

सन सहासष्टमध्ये अण्णांच्या बहिणीचे, अथणीच्या कुसुमावतीवन्संचे, यजमान क्षयाने अंथरुणाला खिळले. अण्णांनी मला विचारले की दरमहा थोडे पाठवता येतील का. मी म्हटले, कशाला, त्यांचे दीर आहेत की. घराचा पाया खणून झाला होता आणि मला विटांचे पैसे द्यायचे होते. अण्णा “इरली बिडु” म्हणाले, राहू दे, सोड. नेहमीच्या कानडी पद्धतीने त्यांनी विषय मिटवला आणि पुन्हा कधी काढला नाही. मला वाटले, पटले.

त्यानंतर ते वाळत चालले. सदरे खांद्यावर लोंबू लागले. मी घाबरले. देशपांडे नगरातल्या एका चांगल्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांना काही सापडले नाही, त्यांनी टॉनिक लिहून दिले. सतरा रुपयांची बाटली. मी एकदाही कुरकूर न करता अशा चार बाटल्या आणल्या आणि रोज रात्री समोर उभी राहून दोन चमचे पाजले. ते मुकाट्याने पीत.

पंचाहत्तरमध्ये वन्संच्या मुलाच्या, लक्ष्मणच्या, लग्नाला आम्ही अथणीला गेलो. पंगतीत तो मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला की मामांची दरमहा बारा रुपयांची मनिऑर्डर चौदा महिने आली नसती तर मी मॅट्रिक झालो नसतो. मी वाढत होते. हातातले वरणाचे भांडे तसेच राहिले. रोज आठ आणे, महिन्याचे पंचवीस दिवस. हिशोब मला तिथल्या तिथे कळला. चौदा महिने तो माणूस दुपारी काही न खाता कचेरीत बसला होता आणि मी रात्री त्याला टॉनिक पाजत होते.

ह्या विषयावर आम्ही दोघे अकरा वर्षांत एक शब्द बोललो नाही. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. सोमवारी मी तुझ्यावर चिडून म्हटले, तिला माझ्याकडे मागायला काय झाले होते? तेव्हा ते प्रथमच म्हणाले, “तिनं तुला का विचारलं नाही ते मला माहीत आहे की. मीही विचारत नव्हतो.” आवाजात राग नव्हता. असता तर बरे, असे वाटावे इतका तो साधा आवाज होता. राग असता तर मला उत्तर देता आले असते.

आता बुधवारकडे येते. अण्णा ‘नाही केली’ म्हणाल्यावर मला एकदम सगळे उलटेपालटे करावेसे वाटले आणि मी प्रभंजनला फर्मावले की पुढच्या महिन्यापासून किल्ली सुलभाकडे, दोन्ही पगार तिच्या हाती, तुला काय लागेल ते तिच्याकडे मागायचे. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तेवढ्यात अण्णा कोथिंबिरीतून म्हणाले, “आयतु, झालं. म्हणजे वीस वर्षांनी हा टॉनिक पिणार.”

प्रभंजनला काही समजले नाही. कसले टॉनिक म्हणून तो दोघांकडे पाहू लागला. अण्णा पुन्हा ‘इरली बिडु’ म्हणणार होते, पण मी त्यांना बोलू दिले नाही. मीच त्याला सगळे सांगितले, आता तुला लिहिले तसे.   ऐकून प्रभंजनने वडिलांना विचारले, “अण्णा, तुम्ही भांडला का नाहीत?”

“तुझी आई बरोबरच असायची,” ते म्हणाले. “बरोबर असणाऱ्या माणसाकडे मागणं फार अवघड असतं, बाळ.”

त्यानंतर आम्ही तिघे बसलो आणि ठरवले. तुला विचारल्याशिवाय ठरवले, त्यामुळे तुला पटले नाही तर बदल. दोघांनी आपापल्या शंभरातले साठ घरासाठी काढायचे. त्याच्या अठराशेतले एक हजार ऐंशी, तुझ्या बाराशेतले सातशे वीस. भाडे, धान्य, दूध, जागेचा हप्ता, स्कूटरचे कर्ज, सगळे त्यातून. उरलेले ज्याचे त्याचे, ज्याच्या त्याच्या खात्यात. त्यावर ‘कशाला?’ हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही. त्याने नाही, तू नाही, आणि तुमच्याकडे आले तर मीही नाही.

प्रभंजनने कागदावर आकडे मांडून पाहिले आणि म्हणाला की स्कूटरचे कर्ज फिटायला चार महिने जास्त लागतील. मी म्हटले, लागू देत. मग जरा घुटमळून त्याने विचारले की सुलभाने तिचे सगळे माहेरी दिले तर?

“तर दिले,” मी म्हटले. “तू तुझे सगळे डोशांवर घाल.”

तो हसला. मनापासून हसला की नाही ते सांगता येत नाही, पण काल दुपारच्या सुट्टीत स्कूटरवरून परत आला आणि न सांगता दोन कागद माझ्यापुढे ठेवून गेला. ते सोबत आहेत. मी त्याची बाजू घेत नाही. त्याला हिशोब लवकर समजतो, माणूस समजायला वेळ लागतो. तो दोष कुणाकडून आला हे आता तुला माहीत आहे.

राजीनाम्याचे तू ठरव. शिकवण्याचा कंटाळा आला असेल, पाय खरोखरच दुखत असतील, तर जरूर दे. मी एक अक्षर बोलणार नाही. पण मागावे लागते म्हणून देऊ नकोस. मला माझा पहिला पगार अजून आठवतो, पंच्याऐंशी रुपये. त्या दिवशी मी घरी चालत आले, टांगा केला नाही. रस्ता लवकर संपू नये असे वाटत होते.

माझ्याकडे मागायची तुला भीती वाटली. ती चुकीची नव्हती, आणि ती कमी करायचे काम माझे आहे. एकदम जमेल असे वचन देत नाही. माझी जीभ तुला ठाऊक आहे.

आज सकाळी मी अण्णांच्या हातात त्यांच्या पेन्शनचे पासबुक दिले. निवृत्त झाल्यापासून ते माझ्या ट्रंकेत होते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, उघडले नाही, आणि म्हणाले, “म्हणजे आता भाजीला पैसे तू माझ्याकडे मागणार?” मी सांगितले की मागणार नाही, सात तारखेच्या आत शंभरातले साठ आणून द्यायचे, माझ्या पेन्शनचेही तितकेच निघतील. “आणि बाकीचे?” म्हणाले. मी म्हटले, मला विचारू नका. ते अंगणात जाऊन बराच वेळ नुसते उभे होते. मग शिट्टी वाजवत आले. बत्तीस वर्षांत त्यांना शिट्टी येते हे मला माहीत नव्हते.

अण्णा उद्या येतील तेव्हा त्यांना दुपारी पोटभर जेवू घाल. नको म्हणतील, ऐकू नकोस.

तुझ्या पगाराचा तुझ्याइतकाच अभिमान असलेली,
तुझी आई,
श्यामला

ता. ११ जुलै १९८६ रोजी दिले व पाठवले ते असे:

सौ. सुलभा हिच्याकडे, अण्णांच्या हाती: बँकेत तिच्या एकटीच्या नावे खाते उघडण्याचा फॉर्म, एक. ओळख देणारा खातेदार म्हणून प्रभंजनची सही झालेली.

सौ. सुलभा हिच्याकडे, अण्णांच्या हाती: विद्यानगरच्या जागेच्या कागदावर दुसरे नाव घालण्याचा अर्ज, एक. प्रभंजनची सही झालेली. खालची जागा तिच्या सहीसाठी कोरी.

श्री. मुकुंदराव (अण्णा) ह्यांस, घरीच: पेन्शनचे पासबुक, एक.

पासबुक मिळाले. आत किती आहेत ते अजून पाहिले नाही. उद्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली की पाहीन.
मुकुंदराव